परकी करवंटी

समाजाच्या सभेत डॉक्टर मृदुलाला ज्या वाक्यावर टाळ्या मिळाल्या, तेच वाक्य पुढे कधीही आठवलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

सभा मिरजेतल्या समाजभवनात होती. भवन मोठं, वर झुंबर, खाली खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा आणि त्यात बसलेली बहुतेक डोकी पांढरी. एके काळी इथल्या वधूवर मेळाव्याला बाहेर मांडव घालावा लागायचा. आता गुणगौरव समारंभात ढाली उरायच्या आणि मुलं संपायची. मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगराव यांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली होती. ते मृदुलाच्या आईचे चुलतभाऊ, म्हणून तिचे श्रीरंगमामा. मंडळाच्या जागेवर त्यांनी वंध्यत्व उपचारांचं एक केंद्र उभं केलं, त्याला 'पालवी' नाव दिलं आणि भाचीला प्रमुख केलं. त्या संध्याकाळी तिला नवी पद्धत लोकांना समजावून सांगायची होती.

आधी मामांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची, तर दर बाईमागे दोनहून थोडी जास्त मुलं जन्मावी लागतात. अख्ख्या राज्याचा आकडा केव्हाच त्याच्या खाली गेला होता. समाजाचा तर एकाच्याही खाली. पडद्यावर समाजाची रेघ उतारावरून घसरत होती आणि तिच्या वर, गडद लाल रंगात, 'इतर वस्त्या' अशी एक जाड रेघ होती.

"आपण पुसले जातोय," मामा शांतपणे म्हणाले. "आणि बाकीचे भरताहेत."

मृदुला व्यासपीठावर बसून तो आलेख पाहत होती. खरं तर लाल रेघसुद्धा खाली उतरत होती. समाजाच्या रेघेपेक्षा जास्त वेगानं उतरत होती. फक्त मामांनी आलेख अशा ठिकाणी कापला होता की ती सपाट दिसावी. मुली शाळेत टिकल्या, त्यांच्या हातात कमाई आली, जन्मलेली मुलं जगू लागली, की जन्मदर उतरतो. तो जात पाहून उतरत नाही. समाजाचा दर इतका तळाला जायला मात्र जात खरोखर कारण होती. मुली शिकल्या, निम्म्या परदेशी गेल्या, उरलेल्यांनी समाजातच स्थळ शोधायचं. शोधता शोधता पस्तिशी उलटायची. मग मूल होणं अवघड. मूल नाही, म्हणून पुढच्या पिढीत स्थळं आणखी कमी. कुंपण राखायचं म्हणून कुंपणाच्या आतलं रान वाळत चाललं होतं.

हे सगळं तिला ठाऊक होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. आपली पाळी आल्यावर उठली आणि पद्धत सांगू लागली.

स्त्रीचं बीज म्हणजे एक पेशी. तिच्या मधोमध केंद्रक, त्यात आईचे गुणधर्म साठवलेले. भोवती पेशीतला रस आणि त्यात हजारो तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या चिमुकल्या भट्ट्या. वय वाढलं की या भट्ट्या थकतात. बीज फळतं, पण गर्भ वाढत नाही. नव्या पद्धतीत एका तरुण स्त्रीचं बीज घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं आणि त्या जागी वयस्क आईचं केंद्रक बसवायचं. मग वडिलांच्या बीजाशी मीलन. भट्ट्या तरुण, म्हणून गर्भ धरतो.

मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. "डॉक्टर, बीज परक्या बाईचं. मग मूल कुणाचं म्हणायचं?"

सगळ्यांच्या मनातला प्रश्न तोच होता.

"नारळासारखं समजा," मृदुला म्हणाली. "करवंटी परकी. खोबरं आपलंच."

टाळ्या पडल्या. मामांनी समाधानानं मान डोलावली. मृदुला खुर्चीत बसली तेव्हा तिला माहीत होतं की आपण अर्धंच खरं बोललो. तंतुकणिकांना स्वतःची गुणसूत्रं असतात. छोटीशीच, पण असतात. ती फक्त आईकडून मुलांना मिळतात, मुलींकडून पुढे नातवंडांना. करवंटी टाकून देता येत नव्हती. ती पिढ्यान्पिढ्या बरोबर जाणार होती.

आणि ही गोष्ट केवळ इतरांपुरती नव्हती. मृदुला तेव्हा एक्केचाळीसची होती. तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, केदारचे, सगळे उपचार वाया गेले होते. केंद्रात या पद्धतीने पहिलं मूल व्हायचं होतं ते तिचंच.

*

बीज देणाऱ्या बाया समाजातून मिळेनात. समाजात तरुण बायाच थोड्या, आणि ज्या होत्या त्यांना कुणी विचारायलाही धजेना. मग मिरजेच्या बाहेर, रेल्वेलाइनपलीकडच्या वडार वस्तीतून बाया येऊ लागल्या. एक मूल झालेल्या, धडधाकट. ठरलेला मोबदला मिळायचा. नावं गुप्त राहायची, तसा कायदाच होता.

त्यांच्यातली रेणुका धोत्रे मृदुलाला लक्षात राहिली, कारण ती प्रश्न विचारायची. दहावी शिकलेली, चोविशीतली, नवरा खाणीवर पोकलेन चालवणारा. काजल नावाची तिची दोन वर्षांची मुलगी बरोबर असायची आणि तपासणीच्या खोलीतल्या पडद्यांशी लपाछपी खेळायची.

"मॅडम, त्या बाळात माझं काय जाणार?" रेणुकानं विचारलं. बीज काढण्यापूर्वीची इंजेक्शनं चालू होती आणि तिचं पोट फुगल्यासारखं झालं होतं.

"काही नाही. तुझी फक्त जागा वापरायची."

"म्हंजे खोली माझी, बिऱ्हाड त्यांचं." रेणुका हसली. मग म्हणाली, "बरं हाय. कुणाचं तरी घर भरंल."

"तुला दुसरं नको का?"

"न्हाई. दोघांना अर्धं अर्धं शिकवण्यापरीस एकीला पुरतं शिकवीन. काजलला गाण्याची लई आवड हाय. रेडिओ लागला की थांबती."

श्रीरंगमामांची सून मूल एकच का, याचं कारण सांगताना जवळपास हेच म्हणाली होती. मृदुलाला ते आठवलं, पण ती मामांना तसं कधी बोलली नाही. पुढच्या सभेत तोच लाल रेघेचा आलेख पुन्हा पडद्यावर आला.

रेणुकाच्या बीजांतून समाजात सात-आठ मुलं जन्मली. त्यातली सर्वांत पहिली मृदुलाची रेवा. रेवा जन्मली त्या दिवशी मामांनी भवनात पेढे वाटले. रेणुकाला काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं काम झालं होतं.

*

रेवा पाच वर्षांची असताना समाजातल्या अश्लेषा नावाच्या बाईचा मुलगा इशान तापानं आजारी पडला. तोही 'पालवी'तलाच. सांगलीतल्या डॉक्टरांनी त्याला प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली. ताप उतरला, पण आठवड्याभरात इशान हाकेला वळेनासा झाला. दोन्ही कान गेले होते.

मृदुलाने इशानच्या तंतुकणिकांची गुणसूत्रं तपासली. एका ठिकाणी जनुकीय लिपीतलं एकच अक्षर बदललेलं सापडलं. हा बदल एरवी काही करत नाही. माणूस म्हातारपणापर्यंत धडधाकट जगतो. मात्र एका ठरावीक गटातलं प्रतिजैविक दिलं तर घात होतो. हे औषध जिवाणूंच्या आतलं यंत्र बंद पाडतं. बदललेल्या अक्षरामुळे आपल्या तंतुकणिकांतलं यंत्र जिवाणूंच्या यंत्रासारखं दिसू लागतं आणि औषध आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारून टाकतं. कधी कधी एकच इंजेक्शन पुरतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. औषध स्वस्त, जुनं, आणि लहान गावांतल्या दवाखान्यांत सर्रास वापरलं जाणारं.

केंद्रात रेणुकाचा नमुना साठवलेला होता. तेच अक्षर तिथेही होतं. मग मृदुलाने रेवाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. उत्तर काय येणार हे माहीत असूनही यंत्र थांबेपर्यंत ती उभीच राहिली.

त्याच दिवशी ती श्रीरंगमामांकडे गेली. मामा बागेत झारीनं पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झारी खाली ठेवली.

"बाकीची मुलं सुरक्षित राहतील?"

"ते औषध टाळलं तर काहीच होणार नाही त्यांना."

"मग पालकांना सांग, अमुक औषधाची ॲलर्जी आहे. मुलांच्या हातात तसं कडं घाल. झालं."

"मामा, रेणुकालाही सांगावं लागेल. तिची मुलगी आहे. तिच्या बहिणींची मुलं असतील."

मामांनी ओले हात रुमालाला पुसले. ते वाईट माणूस नव्हते. मृदुलाच्या वडिलांच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसले होते. "काय सांगणार तिला?" ते म्हणाले. "कळलं कसं म्हणून विचारेल. मग आपल्या मुलांचं नाव निघेल. आज एकीला सांगितलंस, उद्या वस्तीभर होईल की समाजाची पोरं आमचीच. लग्नं कोण करेल गं यांच्याशी? तुझ्या रेवाशी कोण करेल?"

कायदा आड येत नव्हता. नाव गुप्त ठेवायचं म्हणजे बाईला तिच्याच रक्तातला धोका सांगायचा नाही, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मृदुला हे मामांना म्हणाली नाही. "बघते," एवढंच म्हणाली.

आठवड्याभरात समाजातल्या त्या सगळ्या मुलांच्या मनगटांत स्टीलची कडी आली. रेवाच्या कड्यावर तिने हौसेनं छोटं फुलपाखरू कोरून घेतलं.

एकदा, एका शनिवारी, ती वस्तीकडे निघालीसुद्धा. रेवाला चित्रकलेच्या वर्गाहून घेतलं होतं आणि ती मागच्या सीटवर बसून वही चाळत होती. रेल्वेचं फाटक ओलांडलं, पत्र्याची घरं दिसू लागली. एका घराच्या ओट्यावर रेणुका धुणं वाळत घालत होती. मृदुलाने गाडीचा वेग कमी केला आणि आरशात तिला रेवा दिसली. रेणुकानं रेवाकडे पाहिलं तर काय दिसेल, असा विचार तिच्या मनात आला. खरं तर काही दिसण्यासारखं नव्हतं. तंतुकणिका चेहऱ्यावर उमटत नाहीत. हे मृदुलाइतकं कुणाला ठाऊक असणार.

तिने गाडी वळवली.

"आपण कुठे चाललो होतो?" रेवानं विचारलं.

"रस्ता चुकले गं," मृदुला म्हणाली आणि येताना तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. पुन्हा कधी जायचं ते तिने ठरवलं नाही. काम होतं, परिषदा होत्या. दिवसेंदिवस न सांगणं सोपं होत गेलं.

*

रेणुका केंद्रात आली ती पुढच्या हिवाळ्यात, सकाळच्या वेळी. बरोबर काजल होती, नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. काजल दारातल्या खुर्चीवर बसली आणि आईच्या ओठांकडे टक लावून पाहत राहिली. मृदुलाला काही विचारावं लागलं नाही.

"न्यूमोनिया झाला हुता," रेणुका म्हणाली. "खाणीपाशी एक डॉक्टर बसतो, त्यानं पाच दिवस सुया दिल्या. छाती बरी झाली. पण आता हाक मारली तर वळत न्हाई ओ. शाळेतल्या बाई म्हनाल्या, मुद्दाम करती. मी मारलं तिला, मॅडम. ऐकत न्हाई म्हणून दोन चापट्या मारल्या." तिने वळून काजलकडे पाहिलं. "मला दुसरा कुनी डॉक्टर ठावं न्हाई. तुमची वळख हाय म्हणून आले."

मृदुलाने काजलचे कान तपासले. तपासण्याची गरज नव्हती. हात रिकामे राहू नयेत म्हणून तपासले. मग ती भराभर बोलू लागली. आतल्या कानात बसवायचं एक यंत्र असतं. मेलेल्या पेशींचं काम ते करतं, ध्वनीच्या लहरी थेट मज्जातंतूला पोचवतं. शस्त्रक्रिया करावी लागते. सरकारी योजनेतून होईल. सांगलीतल्या शल्यविशारदांशी मी आत्ता बोलते. तिने तिथल्या तिथे फोन लावला, तारीख मिळवली.

रेणुका हे सगळं ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. फोन संपल्यावर ती उठली आणि मृदुलाला काही कळायच्या आत वाकून तिच्या पाया पडली. काजललाही पाया पडायला लावलं.

मृदुला मागे सरकू शकली नाही. मागे भिंत होती.

त्या संध्याकाळी तिने केदारला सगळं सांगितलं. केदार अभियंता, मोजकं बोलणारा. त्याला कड्याचं खरं कारण माहीत होतं, रेणुकाच्या मुलीबद्दल मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

"मुलीचं ऑपरेशन तू करून देते आहेस," तो म्हणाला. "तिचं भलंच होतंय. आता सांगून त्या बाईला काय मिळणार? दुःखच ना?"

"तिने पोरीला मारलं, केदार. मुद्दाम ऐकत नाही म्हणून."

"तुझी नोकरी जाईल. मामा तोंड बघणार नाहीत. आणि रेवा?"

रेवा आतल्या खोलीत गाणं लावून नाचत होती. गाणं मोठ्यानं लागलं होतं. एरवी केदार उठून आवाज कमी करायचा. त्या दिवशी दोघंही बसून ऐकत राहिली, आणि मृदुलाला ते ऐकणं सोसेना.

*

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली, एकटी. रेणुकानं लगबगीनं खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. काजल शेजारणीकडे होती.

"रेणुकाताई, बसा तुम्ही. चहा नको."

रेणुकानं गॅस बारीक केला आणि वळून पाहिलं. "आज ताई म्हनताय. तुमी म्हनताय. काय झालंय?"

मृदुलाने सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न वगळता. बीजातल्या भट्ट्या, त्यांतलं एक अक्षर, आईकडून मुलांकडे जाणारं. इशानचे कान कसे गेले. मग साठवलेला नमुना कसा तपासला.

रेणुका जमिनीवर बसली होती. ऐकता ऐकता तिने पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

"म्हंजे माझ्यामुळं झालं?"

"नाही. तुमच्यामुळे नाही. हे अंगात असणं कुणाचा दोष नसतो. औषध टाळलं की काही होत नाही."

"हे तुमाला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. उन्हाळ्यात."

चहा उतू गेला. रेणुकानं बसल्या जागेवरून हात लांबवून गॅस बंद केला.

"आन् त्या दुसऱ्या पोरांना? तुमच्या समाजातल्या?"

"त्यांच्या आईबापांना सांगितलं. हे औषध देऊ नका म्हणून."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

"त्यांना ऐकू येतंय?"

"इशान सोडून सगळ्यांना. येतंय."

रेणुकानं सांडलेला चहा फडक्यानं पुसला. बाहेर कुणीतरी नळावर हंडा लावला होता, तो भरत आल्याचा आवाज येत होता. मृदुलाला वाटलं, ही आता ओरडेल, चार बाया गोळा होतील. तिची त्याला तयारी होती. खरं म्हणजे तिला तेच हवं होतं.

"त्यात तुमची कुणी हाय?" रेणुकानं विचारलं.

"माझी मुलगी. रेवा. सहा वर्षांची."

"म्हंजे तुमच्या पोरीला तुमी वाचवलं. माझ्या पोरीला..." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या जागंत तुमची पोर वाढली, आन् तुमाला माझ्या दारापर्यंत यायला जमलं न्हाई."

मृदुलाला माफी मागायची होती. गाडी वळवल्याचं सांगायचं होतं. पण ते सांगून फक्त आपलंच ओझं हलकं होईल, हे तिला समजलं.

"हे इथं, मला एकटीला, दार लोटून सांगू नका," रेणुका उठत म्हणाली. "तिथं सांगा. तुमच्या लोकांत. आन् माझं नाव घ्या. मी काय चोरी केली न्हाई लपवायला. आता जावा तुमी."

*

समाजाची वार्षिक सभा महिन्याभरानं झाली. त्याआधी मृदुलाने दोन गोष्टी केल्या. बीज दिलेल्या प्रत्येक बाईच्या घरी स्वतः जाऊन त्यांच्या सगळ्यांच्या तपासण्या करवल्या. रेणुकाच्या दोन बहिणींच्या मुलांना वेळेवर कडी मिळाली. आणि आपली तक्रार आपणच वैद्यक परिषदेकडे केली. चौकशी लागली. तिला व्यवसाय करायला तूर्त बंदी झाली.

सभेत अहवाल वाचायच्या वेळी ती उठली आणि म्हणाली, "काही वर्षांपूर्वी मी इथे करवंटी आणि खोबऱ्याची गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती." मग पुढचं सांगू लागली. आईकडून येणारा धागा करवंटीतच असतो. 'पालवी'तल्या मुलांचा तो धागा वडार वस्तीतल्या बायकांचा आहे. माझ्या मुलीचा धागा रेणुका धोत्रे यांचा आहे.

या वाक्याला श्रीरंगमामांनी खूण केली आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. मृदुला तशीच बोलत राहिली, कड्यांमागचं खरं कारण आणि ते रेणुकाला न कळवल्याचंही सांगत राहिली. हॉल मोठा होता, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. पण पुढच्या रांगांतून माणसं उठायला लागली, खुर्च्या सरकल्या. इशानची आई अश्लेषा मात्र उठून पुढे आली.

"तुम्ही आम्हाला ॲलर्जी म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्या बाईंना सांगितलंच नाही."

"नाही."

"त्यांना मुलं आहेत?"

"एक मुलगी. तिचेही कान गेले."

अश्लेषा तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात काहीतरी ओंगळ पडलेलं दिसावं आणि त्यावरून नजर काढून घ्यावी, तशी तिने नजर काढून घेतली. ती मुलाला घेऊन निघून गेली. मामाही निघून गेले. सभागृह रिकामं झालं आणि मृदुला झुंबराखाली एकटी उभी राहिली. तिला रडू येईना. रडायचा अधिकार असतो तेव्हा रडू येतं, असं तिला वाटलं.

'पालवी' बंद पडली. मामांच्या घरचं येणं-जाणं थांबलं. रेवाच्या वर्गातल्या दोन मुलींना त्यांच्या आयांनी तिच्या वाढदिवसाला पाठवलं नाही. रेवानं का म्हणून विचारलं तेव्हा मृदुलाने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, सहा वर्षांच्या मुलीला समजेल तेवढं. केदार दारात उभा राहून ऐकत होता. त्याने अडवलं नाही.

काजलची शस्त्रक्रिया नीट झाली. मृदुला कागदपत्रांसाठी धावली, पण रेणुका कामापुरतंच बोलायची. पाया पडणं, मॅडम म्हणणं, सगळं थांबलं होतं. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी रेणुकाचा फोन आला.

"उद्या मशीन चालू करनार हायेत. तुमच्या पोरीला घेऊन या."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

सांगलीच्या रुग्णालयात त्या खोलीबाहेर बाकं होती. रेणुका काजलला घेऊन बसली होती. रेवाला पाहिल्यावर तिने तिचा चेहरा निरखला नाही, मृदुलाला भीती होती तसं काहीच केलं नाही. नुसतं म्हणाली, "ये. ही काजल. हिला अजून ऐकू येत न्हाई, म्हणून हळू बोल, आन् तोंड दिसू दे." रेवा काजलच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ ताणून ताणून आपलं नाव सांगू लागली. काजलला हसू आलं.

दार उघडून एक परिचारिका बाहेर आली. "काजल धोत्रे. चला. आत गर्दी नको, फक्त नात्यातल्यांनी या. या मुलीला बाहेर बसवा."

"ती येऊ द्या आत," रेणुका म्हणाली. "नात्यातली हाय ती."

परिचारिकेनं मृदुलाकडे पाहिलं. "आणि तुम्ही? तुम्ही कोण लागता यांच्या?"

तिच्याऐवजी रेणुकाच बोलली. आवाजात राग नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, तितक्याच साधेपणानं बोलली.

"त्या कुनी न्हाईत."

तिने एका हाताने काजलला धरलं, दुसऱ्या हाताने रेवाला, आणि तिघी आत गेल्या. दार लागलं. मृदुला बाकावर बसून राहिली. दार जाड होतं. आत काय चाललंय ते तिला काहीच ऐकू येत नव्हतं.